नवी शाई आणलीत? पेनात भरण्याआधी एवढं करा

एकदा मी एक हिरवी शाई नापसंत केली आणि जवळजवळ भरलेली दौत मैत्रिणीला देऊन टाकली. कागदावर ती शेवाळलेल्या पाण्यासारखी काळपट उतरत होती. दोन महिन्यांनी त्याच मैत्रिणीचं पत्र आलं. अक्षरं इतकी स्वच्छ हिरवी, की पान उजेडाला धरून ठेवावंसं वाटलं. शाई तीच होती. तिनं ती नीट धुतलेल्या पेनात भरली होती, एवढाच फरक. माझ्या पेनात आधीची निळी-काळी शाई खाचाखाचांत बसून होती आणि मी तीन पानं लिहून निकाल देऊन मोकळी झाले होते.

तेव्हापासून नव्या शाईसाठी माझा एक क्रम ठरलेला आहे. दौतीत दिसतो तो शाईचा रंग नव्हे आणि खोक्यावर छापलेला तर नाहीच नाही. कागदावर जो रंग दिसतो तो शाई, पेन, कागद आणि वाळायला मिळालेला वेळ या चौघांचा मिळून असतो. यातलं एक बदललं तरी रंग बदलतो. तुम्ही शाईच्या पेनाकडे नव्यानं वळला असाल, तर खालच्या पायऱ्या एकदा सगळ्या करून बघा. पुढच्या शाईला त्यातल्या कोणत्या गाळायच्या ते तुमचं तुम्हालाच कळेल.

जवळ काय काय हवं

- नवी शाई. नमुन्याची कुपी मिळत असेल तर आधी तीच घ्या. तिच्यात बहुधा २ मिलिलिटर शाई असते आणि कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसवायची, शाई ओढून घेणारी छोटी टाकी) साधारण अर्धा ते एक मिलिलिटर मावते, म्हणजे दोन-तीनदा पेन भरून होतं.
- तुम्ही रोज वापरता ते पेन. खास चाचणीसाठी वेगळं पेन घेऊ नका. रंग रोजच्या पेनातूनच बघायचा आहे.
- काचेचा किंवा साध्या निबेचा टाक. नसला तरी अडत नाही.
- कान साफ करायच्या कापसाच्या काड्या.
- दोन कागद: एक गुळगुळीत, शाईच्या पेनासाठी चांगला समजला जाणारा, आणि एक तुमच्या रोजच्या वहीतला.
- टीपकागद किंवा टिश्यू, बिनसुईची सिरिंज, पाण्याचे दोन पेले, जुनं फडकं.
- खाली अंथरायला रद्दी. ही विसरू नका.

१. शाई कोणत्या जातीची आहे, ते आधी बघा

ही पायरी चुकली तर पेनच जायचं, म्हणून इथं थोडं सविस्तर सांगते.

शाईच्या पेनासाठीच्या बहुतेक शाया म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेले रंग. वाळल्या तरी पाण्यानं सुटतात, म्हणून पेनाला त्या सगळ्यात कमी त्रास देतात. पहिली, दुसरी, तिसरी शाई या जातीचीच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी जात रंगकणांची. यात रंग विरघळलेला नसतो, अतिशय बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असतो. प्लॅटिनम या जपानी कंपनीची ‘कार्बन ब्लॅक’ किंवा सेलरची ‘किवागुरो’ ही याची उदाहरणं. कागदावर वाळली की पाण्यानं हलत नाही, हा तिचा मोठा गुण. पण पेनाच्या आत वाळली तरी हलत नाही. जे पेन रोज हातात असतं त्यातच ती भरावी.

तिसरी जात लोहाची. ओकच्या झाडावरच्या मायफळांतलं टॅनिन आणि लोहाचा क्षार यांच्यापासून शतकानुशतकं शाई बनत आली आहे आणि आजही त्याच तत्त्वावर, पण बरीच सौम्य करून, पेनासाठी शाई बनते. पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक, रोरर अँड क्लिंगनरची ‘सॅलिक्स’ आणि ‘स्कॅबिओसा’ या त्या घराण्यातल्या. लिहिताना ती फिकी दिसते आणि हवेतला ऑक्सिजन लागला की काळवंडत जाते. ओळ लिहून पहिले काही मिनिटं नुसतं बघत बसा, डोळ्यांसमोर रंग गडद होतो. हिचं मूल्यमापन त्याच दिवशी करणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. ही आम्लधर्मी असते, तेव्हा पेनात आठवडेच्या आठवडे पडू देऊ नका.

चौथी चमचमणारी. एर्बेंच्या ‘एमराल्ड ऑफ शिवोर’सारख्या शाईत सोनेरी कण मिसळलेले असतात. ते दौतीच्या तळाशी बसतात आणि पेनातही बसतात. बारीक निबेत या शाईला घालू नका. कण अडकतात आणि चमक कागदावर येतच नाही.

आणि एक जात अशी, जी पेनात कधीही भरायची नाही: चित्रकलेची ‘इंडिया इंक’. तिच्यात बहुधा लाख किंवा तत्सम बांधून ठेवणारं द्रव्य असतं. बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ वाचून मोह होतो, पण ती वाळली की पेन आतून कायमचं बंद होतं. अॅक्रिलिक शाई आणि टाकासाठीच्या सुलेखनाच्या बऱ्याच शाया यांनाही हाच नियम. बाटलीवर ‘फाउंटन पेनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर टाकानं लिहा, पेनात भरू नका.

२. दौत उघडा, बघा, वास घ्या

दौत सपाट जागी, रद्दीवर ठेवून उघडा. हातात धरून नाही. झाकणाच्या आत शाई साचलेली असते आणि ती नेमकी झाकण फिरवताना बोटांवर येते.

पृष्ठभागावर साय, तंतू किंवा शेवाळासारखं काही दिसलं, कुबट वास आला, तर ती बुरशी आहे. अशी शाई गाळून वापरायची नसते. टाकून द्यायची, नाहीतर बुरशी पेनात जाते आणि तिथून तुमच्या बाकीच्या दौतींत. औषधासारखा किंचित उग्र वास मात्र चालतो.

पेनाची निब थेट मुख्य दौतीत बुडवायची नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. सिरिंजनं थोडी शाई एका छोट्या कुपीत काढून घ्या, सगळे प्रयोग त्या कुपीतून करा आणि उरलेली परत दौतीत ओतू नका. एका थेंबानं अख्खी दौत नासते.

३. कापसाच्या काडीनं पट्टा ओढा

काडी शाईत बुडवा आणि दोन्ही कागदांवर अंगठ्याएवढा रुंद पट्टा ओढा. अर्ध्या भागावरून काडी दुसऱ्यांदा फिरवा. एकाच शाईची फिकी आणि गडद अशी दोन टोकं शेजारी-शेजारी दिसतील. पट्ट्याच्या कडेला, जिथे शाई साचून वाळते तिथे, गडद निळ्या शायांना कधी तांबूस झळाळी येते. तिथे रंगाचं द्रव्य कागदात न मुरता वर साचून राहिलेलं असतं. शाई चटकन पिणाऱ्या कागदावर ही झळाळी दिसायची नाही. तोमोए रिव्हरसारख्या पातळ, पण शाई पटकन न शोषणाऱ्या कागदावर ती भरपूर दिसते.

हाताशी टीपकागद आहेच, तर आणखी एक करा. त्याची बोटभर रुंदीची पट्टी कापा, खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर शाईचा एक थेंब ठेवा, वाळू द्या आणि टोक पाण्यात असं बुडवा की थेंब पाण्याच्या वर राहील. पाणी चढू लागतं आणि रंग सुटे होतात. मी एका साध्या राखाडी शाईतून गुलाबी, निळा आणि फिका पिवळा एकामागून एक वर चढताना पाहिलेत. आज या पद्धतीला आपण क्रोमॅटोग्राफी म्हणतो. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं पानांतले रंग वेगळे करताना १९०६ मध्ये हे नाव छापलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ रंगानं लिहिणं असा होतो, आणि त्याच्या स्वतःच्या आडनावाचा रशियनमधला अर्थ ‘रंग’ असाच आहे. याचा उपयोग केवळ गमतीपुरता नाही. राखाडी शाईत गुलाबी आहे हे कळलं की एखाद्या कागदावर ती जांभळट का दिसते याचा उलगडा होतो.

पट्टा कितीही आवडला तरी निर्णय घेऊ नका. पट्ट्यात शाई भरपूर असते आणि लिहिताना रेघ अर्ध्या मिलिमीटरची. त्या रेघेत फिका पिवळा किंवा फिका गुलाबी वाचताच येत नाही.

४. टाकानं चार ओळी लिहा आणि रात्रभर सोडून द्या

टाक नसेल तर धुतलेल्या पेनाची निबच कुपीत बुडवा. एकदा बुडवून, जादा शाई कुपीच्या काठाला लावून काढा आणि चार-पाच ओळी न थांबता लिहा.

इथला सापळा असा: बुडवलेल्या निबेवर शाई जास्त असते, म्हणून पहिले दोन-तीन शब्द वाजवीपेक्षा गडद येतात. सगळे त्यांच्याकडेच बघतात. बघायची ती तिसरी-चौथी ओळ. पेनातून येणारा रंग तिच्या जवळपास असतो.

मग कागद बाजूला ठेवा. ओली शाई आणि वाळलेली शाई यांत फरक पडतोच. काही शाया वाळल्यावर फिकटतात, काहींचा तजेला जातो, काही उलट खुलतात. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली निळा मळकट दिसतो आणि जांभळ्याचा तपकिरी होतो.

आवडली नाही तर इथेच थांबा. पेन धुण्याचा, भरण्याचा, पुन्हा धुण्याचा खटाटोप वाचला.

५. पेन खरंच धुवा

माझी हिरवी शाई इथेच फसली. पाणी स्वच्छ येऊ लागलं म्हणजे पेन स्वच्छ झालं, असं मला वाटत होतं. निबखाली जो काळा भाग असतो, ज्याला आपण जीभ म्हणतो, त्याला कंगव्यासारख्या बारीक खाचा असतात. शाई त्या खाचांत अडकते आणि वरून पाणी सोडलं तरी तिथून लवकर निघत नाही.

आधी शाईची टाकी रिकामी करा. मग निब साध्या, गार पाण्यात बुडवून कन्व्हर्टरनं किंवा दट्ट्यानं पाणी आत-बाहेर करा, दहा-पंधरा वेळा. पेल्यातलं पाणी रंगलं की बदला. कार्ट्रिजचं, म्हणजे शाईची तयार नळी बसवायचं, पेन असेल तर निबेच्या भागात मागून सिरिंजनं हलक्या हातानं पाणी सोडा.

पाणी स्वच्छ दिसू लागलं की निबेचा भाग पेलाभर स्वच्छ पाण्यात ठेवून द्या, निब खाली करून, आणि लांबून बघत राहा. पाच मिनिटं काहीच होत नाही. मग निबेच्या टोकातून धाग्यासारखी एक निळी रेघ खाली सुटते, तळाशी पोचून पसरते, आणि तिच्यामागून दुसरी. स्वच्छ झालं असं आपण समजत होतो त्या पेनातून! रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बदला, धागा येणं थांबेपर्यंत.

शेवटची खूण टिश्यूची. निब टिश्यूवर टेकवून धरा. ओल शोषली जाईल. डाग बिनरंगी असेल तर झालं, किंचित जरी रंग असेल तर पुन्हा धुवा. त्यानंतर निब खाली करून, टिश्यू घातलेल्या पेल्यात पेन एक दिवस उभं ठेवा. आत पाणी राहिलं तर नवी शाई पातळ होते आणि तुम्ही म्हणता, रंग फिका आहे.

काय करू नये तेही सांगते. गरम पाणी नको, काही जुन्या पेनांचे भाग त्यानं वाकडे होतात. अल्कोहोल किंवा सॅनिटायझर नको, प्लॅस्टिक तडकतं. हट्टी डागासाठी घरगुती अमोनियाचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, हे मिश्रण थोडा वेळ चालतं, पण पितळी भाग असलेल्या पेनांना तेही नको. आणि अमोनिया व ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

एकापाठोपाठ अनेक शाया बघायच्या असतील तर फिक्याकडून गडदाकडे जा. पिवळ्यानंतर काळी भरली तर काही बिघडत नाही. काळीनंतर पिवळी म्हणजे धुण्यातच आठवडा.

६. थोडीच भरा, आणि पहिलं अर्धं पान मोजू नका

कन्व्हर्टर अर्धा भरला तरी पुरे. भरून झाल्यावर दोन-तीन थेंब परत कुपीत सोडा, म्हणजे जिभेत साचलेली जादा शाई कमी होते, आणि निब टिश्यूनं पुसा. निबेबरोबर धरायचा भागही पुसा, नाहीतर बोटं रंगतात. कन्व्हर्टर नसेल तर रिकामी कार्ट्रिज धुऊन सिरिंजनं भरता येते.

ड्रॉपरनं थेट दांडीत शाई भरायची पेनं चाचणीला घेऊ नका. त्यांत खूप शाई जाते, आणि रंग आवडला नाही तर ती सगळी संपवत बसावं लागतं. पारदर्शक पेनही टाळा. काही झगझगीत निळ्या, जांभळ्या आणि गुलाबी शाया प्लॅस्टिकवर कायमचा डाग सोडतात.

पेनात आधीची थोडी शाई असेल तर ‘राहू दे, मिसळेल’ असं म्हणू नका. काही शाया आम्लधर्मी असतात, काही अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आल्या की कधीकधी गाळ धरतो आणि तो जिभेच्या खाचांत बसतो.

७. चाचणीचं पान लिहा

इंग्रजी अक्षरांवरून ठरवलेली मापं आपल्याला पुरी पडत नाहीत, असं मला वर्षानुवर्षं लिहून वाटतं. देवनागरी शाईची वेगळीच परीक्षा घेते. आपण शब्द लिहितो, मग हात मागे नेऊन त्यावर शिरोरेषा ओढतो. ती ओढताना निब अजून ओल्या असलेल्या काने-दांड्यांच्या माथ्यांवरून जाते. शाई फार ओली, म्हणजे भरभर वाहणारी, असेल तर प्रत्येक माथ्यावर टिंब फुगतं आणि शब्द गाठी मारलेल्या दोरीसारखा दिसतो. शाई कोरडी, म्हणजे कमी वाहणारी, असेल तर रेघ मध्येच तुटते.

मी प्रत्येक शाईला एकच वाक्य लिहिते: ‘ढगाळ दिवशी छत्री विसरलेला ठेंगू माणूस क्षणात चिंब झाला.’ ‘ठ’, ‘ढ’ आणि ‘छ’ची पोटं भरून गेली तर शाई त्या कागदावर फुटते आहे. ‘ळ’चे दोन्ही गोल मोकळे राहिले पाहिजेत. ‘क्ष’मध्ये रेषा एकमेकींना ओलांडतात, तिथे रंग गडद-फिका होतो का ते दिसतं. ‘चिंब’वरचा अनुस्वार गोल राहिला की पसरून वेलांटीला चिकटला, हेही बघा. वाक्य बदलू नका. सहा महिन्यांपूर्वीच्या शाईशी आजची ताडून बघता येते ती त्यामुळेच.

हेच वाक्य रोजच्या वहीच्या कागदावर पुन्हा लिहा आणि पान उलटून बघा. पाठीमागे ठिपके उमटले असतील तर त्या वहीत पानाची एकच बाजू वापरता येईल. चांगल्या कागदावर शाई सुंदरच दिसते. तुमचं लिखाण जर साध्या वहीत होत असेल, तर निकाल साध्या वहीचाच धरा.

मग घाईघाईत, नेहमी लिहिता तसा एक परिच्छेद लिहा. जपून काढलेल्या अक्षरांत शाईचे दोष झाकले जातात.

८. वाळणं, पाणी, ऊन

वाळण्यासाठी सहा आडव्या रेघा ओढा आणि ५, १०, १५, २०, ३० आणि ४५ सेकंदांनी एकेकीवरून बोट फिरवा. डावखुरे असाल तर ही चाचणी रंगाच्याही आधी करा. तुमचा तळवा ओल्या अक्षरांवरून जातो, आणि ३० सेकंद ओली राहणारी शाई कितीही देखणी असली तरी तुम्हाला रोज छळेल.

पाण्यासाठी एक दिवस वाळलेल्या ओळीवर थेंब टाका, मिनिटभर थांबा, टिपून घ्या. पाकिटावरचा पत्ता, अर्ज, दाखला अशा कामांसाठी शाई हवी असेल तर मागे वाचता येण्याजोगी रेघ उरायला हवी. रोजनिशीसाठी मी ही अट धरत नाही.

उन्हासाठी चाचणीची एक पट्टी अर्धी जाड कागदानं झाका आणि महिनाभर खिडकीत चिकटवून ठेवा. गुलाबी आणि जांभळ्या शाया आधी उडतात असा माझा अनुभव आहे.

९. आठवडाभर त्याच शाईनं लिहा

पेनात शाई स्थिर नसते. टोपणातून थोडी हवा जात राहते, पाणी उडतं आणि जिभेतली शाई दाट होत जाते. पहिल्या दिवशीचा आकाशी पाचव्या दिवशी गडद होऊ शकतो, विशेषतः टोपण सैल असेल तर. प्लॅटिनमच्या काही पेनांच्या टोपणात स्प्रिंगवर बसवलेलं आणखी एक आतलं टोपण असतं, ते निबेला बंद करून ठेवतं. अशा पेनात हा फरक कमी जाणवतो.

रोज पेन उघडताना दोन गोष्टी बघा: पहिल्याच अक्षराला शाई येते का, आणि रात्रभर ठेवल्यावर पहिली ओळ बाकीच्यांपेक्षा गडद आहे का. शाई यायला दोन-तीन वेळा रेघा माराव्या लागत असतील तर लगेच शाईला दोष देऊ नका. तीच शाई दुसऱ्या पेनात भरून बघा. कोरड्या, म्हणजे शाई कमी सोडणाऱ्या, पेनाला ओली शाई मानवते आणि ओल्या पेनाला कोरडी. अशा जोड्या जुळवूनच सापडतात.

१०. नोंद करा आणि पेन रिकामं करा

पट्ट्याच्या कागदामागे शाईचं नाव, पेन, निबेची जाडी, कागद आणि तारीख लिहा, त्याच शाईनं. दौतीच्या तळाला उघडल्याची तारीख चिकटवा. दौत उन्हापासून दूर, खोक्यातच ठेवा.

शाई आवडली नसेल तर पेन त्याच दिवशी धुवा, ‘उद्या धुते’ म्हणून ठेवू नका. आवडली असेल तरी पुढचे दोन आठवडे ते पेन हातात येणार नसेल तर धुऊनच ठेवा. उरलेल्या कुपीला झाकण लावा, वर नाव घाला, आणि एखाद्या मित्राला लिहून बघायला द्या. देताना पेन आधी धुवायला सांगा.